मागून बसणारी आणि डोलणारी गाडी घरी नीट करता येईल का?

मागे तीन माणसं बसली की गाडी खाली बसते आणि गतिरोधकावरून गेल्यावर डोलत राहते, म्हणजे सस्पेन्शन मऊ पडलंय का, असं तुम्ही विचारलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम एवढंच की दबलेली स्प्रिंग सुटल्यावर तिचं वरखाली होणं लगेच थांबवायचं. त्यामुळे बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घातले तरी ती वर येत नाही, आणि डोलणाऱ्या गाडीची नुसती स्प्रिंग बदलली तरी डोलणं जात नाही. आधी मोजा, मग भाग विकत घ्या.

सुरुवात टायरच्या हवेपासून करा. हवा कमी असली तरी गाडी वळणावर मऊ आणि सैल वाटते. मग डिकी रिकामी करून गाडी सपाट जागी थोडी पुढे-मागे ढकला आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. डाव्या-उजव्यात 10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर खालच्या बाजूची स्प्रिंग टॉर्च लावून बघा. ती बहुधा सगळ्यात खालच्या वेटोळ्यात तुटते आणि तुकडा बैठकीतच (स्प्रिंग जिथे टेकते त्या वाटीत) अडकून राहतो, म्हणून वरवर पाहून कळत नाही. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

आता शॉकअप. गाडीचा कोपरा दोन-तीनदा जोरात दाबून सोडा. ती वर येऊन, एकदा खाली जाऊन थांबली पाहिजे. त्यापुढे हलत राहिली तर शॉकअप गेला. मात्र या परीक्षेत पास झाला म्हणजे शॉकअप चांगला, असं धरू नका, कारण अर्धवट थकलेला शॉकअप इथे सहज निसटतो. जास्त भरवशाच्या खुणा दोन: नळीवरून ओघळलेलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ, आणि टायरवर ठिकठिकाणी खोलगट झालेली झीज, जी हात फिरवला की जाणवते. शॉकअपच्या आतबाहेर सरकणाऱ्या दांड्याजवळ नुसता तेलकट ओलसरपणा असेल तर तो चालतो. आतला बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणारा रबरी ठोकळा, तोही बघा. त्याचा भुगा झाला असेल तर भरलेली गाडी खड्ड्यात धाडकन आपटते.

बदलायचं झालं तर एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीचे, दोन्ही शॉकअप, दोन्ही स्प्रिंगा एकदम बदला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबर बसवण्याचा उपाय करू नका. तेवढी वेटोळी हलायची थांबतात, सगळा ताण उरलेल्यांवर येतो आणि डोलणं तसंच राहतं.

मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे असतील तर काम सोपं आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी उचलून बॉडीखाली दोन स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. मग दुसरा जॅक ॲक्सलखाली, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली टेकवा. हे विसरलात तर बोल्ट निघताक्षणी ॲक्सल खाली कोसळतो, कारण त्याला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवत असतो, आणि मग ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) ताणला जातो. वरचा नट सोडताना दांडा फिरतो. तो पान्याने किंवा ॲलन कीने शेंड्याला धरा, चकचकीत भाग पक्कडीने कधीच नको. तिथे एक ओरखडा पडला तरी सील फाटतं. काढलेला शॉकअप हाताने दाबून-ओढून बघा. ओढताना जड लागणं बरोबर आहे, मध्येच पोकळ जागा लागली तर तो संपलेला आहे. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चारदा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आडवा ठेवल्याने आत शिरलेली हवा निघते. स्प्रिंगही बदलायची असेल तर दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून ॲक्सल हळूहळू उतरवा, होजवर नजर ठेवा, आणि नव्या स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला भिडवा.

पुढच्या चाकांचं काम मात्र मी घरी सुचवणार नाही. तिथे शॉकअप स्प्रिंगच्या आत असतो आणि स्प्रिंग शेकडो किलोंच्या दाबाखाली. ती स्प्रिंग कंप्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने) न आवळता वरचा मधला नट सोडला तर झाकण गोळीसारखं उडतं आणि माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. हवं तर अख्खा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) उतरवा, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तारेने बांधून ठेवा म्हणजे तो होजवर लोंबकळणार नाही, आणि स्प्रिंग गॅरेजमधून बदलून आणा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं.

शेवटी बहुतेक जण चुकतात ते इथे. रबरी बुश (सांध्यातली रबरी गादी) असलेले बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा ॲक्सल जॅकने तेवढ्या उंचीवर आणा, आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) आवळा. नाहीतर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारे) नट नवेच वापरा. 100 किमी चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासा, आणि स्प्रिंगा बदलल्या असतील तर हेडलाइटची उंचीही लावून घ्या, कारण मागचा भाग वर आला की प्रकाशाचा झोत खाली जातो.