उन्हापासून वाचवणारे कपडे पहिल्यांदाच घेताय? आधी एवढं बघा

सुरुवातीलाच सगळा संच घेऊ नका. लांब बाह्यांचा एक सैल शर्ट आणि चहूबाजूंनी रुंद काठ असलेली टोपी, एवढं पुरे.

यूपीएफ म्हणजे कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप. लेबलवर यूपीएफ ५० लिहिलं असेल, तर अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ बहुधा १०च्याही खाली असतो आणि तो भिजला की आणखी घसरतो. मोठा फायदा मला वाटतो तो असा की कापड सनस्क्रीनसारखं दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. पाठीवर तर आपला हातही नीट पोचत नाही!

तोटेही आहेत. किंमत जास्त, आणि घट्ट विणीच्या कृत्रिम धाग्यात घाम कोंडतो. म्हणून खरेदीआधी अंगात घालून थोडं चालून बघाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- अंगाला चिकटणारं माप घेतात. कापड ताणलं की वीण उघडते, संरक्षण कमी होतं.
- शर्ट घातला म्हणून चेहरा, मान, हातांचे पंजे विसरतात. तिथे सनस्क्रीन हवंच.
- विरलेला शर्ट वापरत राहतात.

घरातला गडद, दाट विणीचा शर्ट उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर तूर्त तोच घाला, नवा सावकाश घ्या.