तीन कॉम्प्युटर, पण पैसे एकाचेच भरा

इचलकरंजीच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीएसटी आणि रिटर्नचं छोटं ऑफिस, दोन मदतनीस मुली, तीन कॉम्प्युटर. ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कॉम्प्युटरवाला तिन्हींवर मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्गणी भरून वापरायचं ऑफिस) घ्या म्हणतोय. मशीनमागे वर्षाला ९,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. त्यासाठी आरडी मोडू का?

आरडीला हात लावू नका. तिन्हींवर घ्यायची गरज नाही, एकावर मात्र घ्या.

तिन्हींचे वर्षाला ३१,८६० होतात आणि ते दरवर्षी भरायचे. दर आहे तोच राहिला तरी पाच वर्षांत १,५९,३००. तुम्ही लिहिता, खर्च दाखवला की कर वाचेल. अहो, तुम्ही स्वतःचं रिटर्न ४४एडीएखाली (व्यावसायिकांसाठीचं आयकराचं कलम) निम्मी जमा उत्पन्न धरून भरता ना? मग सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आलाच. सॉफ्टवेअर घेतलं काय, न घेतलं काय, कर तेवढाच. (अशिलांना रोज हेच समजावणाऱ्यांना स्वतःच्या वेळी विसर पडतो, मीही त्यातलाच.) शिवाय तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे ते १८ टक्केही खिशातूनच.

मग एक तरी कशाला? जीएसटीआर-४ आणि जीएसटीआर-९ या वार्षिक रिटर्नच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर, म्हणजे शीटमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालतात. लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शीट उघडेलही, पण व्हॅलिडेट करून पोर्टलवर चढवायची जेसन फाइल काढायची वेळ आली की भरवसा नाही. जीएसटीआर-४ ची ३० जूनची मुदत तोंडावर आणि ते भरणारे कंपोझिशन योजनेतले छोटे दुकानदार दारात, तेव्हा हे प्रयोग नकोत.

मुलींचं काम वेगळं: बँक स्टेटमेंट जुळवणं, टॅलीतून काढलेल्या शीट, व्हीलुकअप, पिव्होट, पत्रं. एवढं लिब्रेऑफिसला जमतं, आणि धंद्यासाठी वापरलं तरी ते फुकटच आहे. सेव्ह करताना एक्सेलचा एक्सएलएसएक्स हाच फॉरमॅट कायमचा ठरवून द्या, नाहीतर अशिलांचे ‘फाइल उघडत नाही’ म्हणून फोन येत राहतील. आधी गेल्या वर्षीच्या वीस-पंचवीस फाइलींच्या प्रतींवर आठवडाभर काम करून बघा. पहिले काही दिवस कुरकुर होईल, ती ऐकून घ्या.

सहा जणांत वाटता येणारा फॅमिली प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो घरगुती वापरासाठी आहे, ऑफिसला चालत नाही. आणि पाचशे रुपयांत ‘लाइफटाइम की’ देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या मशीनवर लोकांचे पॅन आणि बँक खाती आहेत. त्याच कारणाने जुनं २०१६ ही काढून टाका. ते चालेल, पण सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत.

कॉम्प्युटरवाल्याकडून एकाच मशीनचं नवं कोटेशन मागवा. महिन्याच्या बोलीवर काय दर पडतो तेही विचारा. तो चढा असतो, पण मॅक्रोंचं काम वर्षातून तीन-चार महिनेच असेल तर तोच स्वस्त पडेल.