सिझेरियनच्या व्रणात गर्भ रुजला असेल, तर मोठी शस्त्रक्रिया टाळता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले, आता सातवा आठवडा चालू आहे आणि सोनोग्राफीत गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी रुजलेला दिसला. एका डॉक्टरांनी क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून रिकामे करायला सांगितले, दुसऱ्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली. पोट न उघडता आणि गर्भाशय न गमावता यातून बाहेर पडता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांवर उपचार करण्याचा मला अनुभव आहे, आणि इतक्या लवकर निदान झालेले असताना बहुतेक वेळा ते शक्य होते. मात्र नुसते क्युरेटिंग करून घेण्याची घाई कृपया करू नका.

त्याचे कारण त्या जागेच्या रचनेत आहे. सिझेरियनची जखम भरताना काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागात, समोरच्या भिंतीत, कोनाड्यासारखी खाच राहते. गर्भ त्या खाचेत रुजतो आणि वारेचे तंतू व्रणाच्या ऊतींमध्ये शिरतात. नेहमीच्या गर्भपातात गर्भाशय रिकामे झाले की त्याचा स्नायू आकसतो आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. व्रणाच्या जागी मात्र आकसायला पुरेसा स्नायूच नसतो. क्युरेटची धार आत खोल गेलेल्या तंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही, शिवाय पातळ भिंतीला भोक पडण्याचा धोका असतो, आणि एकदा रक्तस्राव सुरू झाला की तो आवरणे अवघड जाते. गर्भाशय काढून टाकण्याची वेळ येते ती बऱ्याचदा अशाच परिस्थितीत. अमेरिकेतील सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन या संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही केवळ धारदार क्युरेटिंग टाळावे असे म्हटले आहे. दंडात किंवा कमरेत मेथोट्रेक्सेट या गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन तेवढ्यावरच विसंबू नये, असेही त्यात स्पष्ट सांगितले आहे.

उपाय ठरवण्यापूर्वी निदान पक्के करून घ्या. त्यासाठी योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी लागते. पोटावरून केलेली पुरत नाही. गर्भाशयाची वरची पोकळी रिकामी आहे, गर्भाशयमुखाची नळीही रिकामी आहे आणि गर्भाची पिशवी समोरच्या भिंतीत, मूत्राशयाच्या अगदी मागे बसली आहे, असे चित्र दिसायला हवे. गर्भपात होत असताना खाली सरकलेली पिशवीसुद्धा वरवर अशीच दिसू शकते. सोनोग्राफीच्या दांड्याने (प्रोबने) हलका दाब दिल्यावर ती सरकते, व्रणात रुजलेली पिशवी जागची हलत नाही, आणि डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तिच्याभोवती रक्तप्रवाहाचे कडे दिसते. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी नक्की लिहून मागा: पिशवी आणि मूत्राशय यांच्यामध्ये स्नायूचा थर किती मिलिमीटर उरला आहे, आणि पिशवीची वाढ गर्भाशयाच्या पोकळीकडे होत आहे की बाहेर, मूत्राशयाच्या दिशेने. हृदयाचे ठोके आहेत की नाहीत आणि रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणारे संप्रेरक, किती आहे, हेही लागतेच.

वाढ पोकळीकडे असेल आणि थर साधारण 3 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर खालून, म्हणजे गर्भाशयमुखातून जाऊन काम होऊ शकते. सोनोग्राफीच्या पडद्यावर सक्शनच्या नळीचे टोक सतत दिसत असताना गर्भ ओढून घेणे, किंवा हिस्टेरोस्कोप, म्हणजे गर्भाशयात घालायची बारीक दुर्बीण, आत घालून पिशवी डोळ्यांसमोर व्रणापासून सोडवणे, हे यातले दोन मार्ग. अंदाजाने केलेले क्युरेटिंग आणि पडद्यावर पाहत केलेले सक्शन यांत रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे; दोन्हींना एकाच नावाने ओळखले जात असेल, तर नेमके काय करणार आहेत हे तुम्ही विचारायलाच हवे. नंतर रक्तस्राव झाल्यास त्या जागी फॉलीचा, म्हणजे लघवीच्या नळीच्या टोकाला असतो तसा, फुगा फुगवून दाब देता येतो, आणि तो आधीच तयार ठेवलेला असतो.

थर अगदी पातळ असेल किंवा पिशवी मूत्राशयाकडे फुगली असेल, तर माझा कल दुर्बिणीच्या, म्हणजे लॅपरोस्कोपीच्या बाजूने असतो. पोटावर छोटी छिद्रे घेऊन आत पाहिले की मूत्राशयाच्या कडेखाली जांभळट, रक्तवाहिन्यांनी भरलेला फुगवटा दिसतो. आधीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय तिथे चिकटलेले असते. ते थोडे थोडे सोडवून खाली घ्यावे लागते, आणि शस्त्रक्रियेतला खरा कौशल्याचा भाग हाच. मग फुगवट्याभोवती विरल केलेले वासोप्रेसिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध, टोचले की ती जागा पांढुरकी पडते, तेवढ्यात गर्भासकट तो पातळ व्रण कापून काढला जातो आणि निरोगी कडा एकमेकींना जोडून टाके घातले जातात. या मार्गाने गर्भही निघतो आणि कमकुवत भिंतीची दुरुस्तीही होते. पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रीसाठी मला हे महत्त्वाचे वाटते, जरी या दुरुस्तीने पुन्हा असे होणार नाही अशी हमी देता येत नाही. हेच काम योनिमार्गातूनही करता येते, पण त्याचा सराव असलेले शल्यचिकित्सक कमी असतात.

शस्त्रक्रिया नको असेल, तर सोनोग्राफीच्या आधाराने बारीक सुई थेट पिशवीत घालून मेथोट्रेक्सेट सोडता येते. ठोके असतील तर ते थांबवण्यासाठी काही वेळा पोटॅशियम क्लोराइडही टोचले जाते. दुसरा पर्याय दोन फुग्यांच्या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा: एक फुगा वर पोकळीत आधारासाठी आणि दुसरा पिशवीवर, म्हणजे दाबाने गर्भाची वाढ थांबते आणि रक्तस्रावही रोखला जातो. हे उपाय शरीराला सोपे असले, तरी त्यांना धीर लागतो. एचसीजी शून्यावर यायला कित्येक आठवडे लागतात, व्रणात उरलेल्या ऊतींची गाठ काही महिने सोनोग्राफीत दिसत राहते, सुरुवातीला ती थोडी मोठीही वाटू शकते, आणि मध्येच एखाद्या दिवशी अंगावरून खूप जाऊ शकते. त्यामुळे तातडीने रक्त मिळेल आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयापासून लांब राहणाऱ्या स्त्रीला मी हा मार्ग सहसा सुचवत नाही. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि मद्य बंद ठेवावे, आणि किमान तीन महिने दिवस जाऊ देऊ नयेत.

गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आतून बंद करण्याचा, म्हणजे एम्बोलायझेशनचा उपाय मी जास्त रक्तस्रावाची शक्यता असणाऱ्या रुग्णांसाठीच राखून ठेवते, कारण पुढील गर्भधारणेवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

गर्भ ठेवता येईल का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात येणे स्वाभाविक आहे. अशा काही गर्भधारणांतून जिवंत बाळे जन्मली आहेत. परंतु वार भिंतीत खोल रुतणे, भिंत फाटणे, 34 ते 35 आठवड्यांच्या सुमारास नियोजित सिझेरियन आणि त्याच वेळी गर्भाशय काढावे लागणे, ही त्यातली नेहमीची वाट आहे. म्हणूनच गर्भ तसाच ठेवून वाट पाहण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

तुमच्या बाबतीत दिवस महत्त्वाचे आहेत. प्रत्येक आठवड्याने पिशवी मोठी होते, रक्तपुरवठा वाढतो आणि सोपे पर्याय हातातून निसटतात. दुसरे मत अवश्य घ्या, पण दोन-तीन दिवसांत घ्या, आणि लॅपरोस्कोपी, रक्तपेढी व भूलतज्ज्ञ एकाच ठिकाणी असतील तिथे घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण करून द्या. या मधल्या काळात अंगावरून जोरात जाऊ लागले, चक्कर आली किंवा ओटीपोटात तीव्र कळ आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा. पुढे कधी दिवस राहिले, तर पाचव्या ते सातव्या आठवड्यातच आतून सोनोग्राफी करून गर्भ कुठे रुजला आहे ते पाहून घ्या, कारण त्यानंतर पिशवी वर पोकळीत पसरते आणि व्रणातला गर्भही नेहमीसारखा दिसू लागतो.