बियाण्याच्या पाकिटावरच्या 'व्हायरस प्रतिकारक'ला भुलू नकोस

भावा, फलटणला भेंडी-टोमॅटो लावतोयस, तर एक ऐक. प्रतिकारक म्हणजे रोगमुक्त नव्हे. परभणी क्रांती या भेंडीच्या वाणात केवड्याची (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणू रोगाची) प्रतिकारशक्ती रानटी भेंडीतून आणली होती. पुढं तिच्यावरही केवडा दिसू लागला. विषाणू बदलत राहतो.

टोमॅटोतलं टीवाय-१ हे पानं गुंडाळणाऱ्या विषाणूला रोखणारं जनुकही रानटी टोमॅटोतूनच आलंय. ते विषाणूला दार बंद करत नाही, आत त्याची वाढ दाबतं. म्हणून झाड हिरवंगार असलं तरी हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी त्यातूनही तो उचलू शकते.

आणि संकरित फळाचं बी धरू नकोस. आईबापांपैकी एकाकडूनच जनुक आलेलं असेल, तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड त्याविना निघतं. (मी धरलं होतं. बायको अजून ऐकवते.) रोपं मात्र माशी लागू नये म्हणून नेटमध्येच वाढव.