‘स्टेनलेस दमास्कस’ हा वदतोव्याघात आहे का?

प्रश्न असा आहे: घडीच्या चाकूंच्या वर्णनात ‘कार्बन डमास्कस’ आणि ‘स्टेनलेस डमास्कस’ असे दोन प्रकार दिसतात. डमास्कस म्हणजे जुन्या तलवारींचं पोलाद, तर मग ते स्टेनलेस कसं? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

आधी उच्चार. हे मुळात सीरियातल्या शहराचं नाव. अरबीत ते दिमश्क, त्यातला ‘द’ दाताचा. ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आत आला. मी दमास्कस लिहितो.

आता व्याघाताचं. या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू नांदतात, सगळा घोळ तिथे आहे. जुनं पोलाद मुशीत वितळवून त्याच्या वड्या करत. दक्षिण भारत आणि श्रीलंका ही त्याची मोठी ठिकाणं. त्यातल्या लहरी धातूच्या पोटातूनच उमटत, कारण कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाचे, कण ओळी धरून बसत. इंग्रजीत त्याला ‘वूट्झ’ म्हणतात. जॉर्ज पिअर्सन यांच्या १७९५ च्या निबंधात हा शब्द आहे आणि त्याचं मूळ बहुधा कन्नड ‘उक्कु’त. म्हणजे धातू एकीकडचा, ‘दमास्कस’ हे नाव दुसऱ्याच गावाचं.

आजचं दमास्कस मात्र थरांचं. दोन जातींचं पोलाद तापवून, ठोकून एकजीव करायचं, दुमडायचं, पिळायचं, मग आम्लात बुडवायचं, की थरांची नक्षी उमटते. चाकू घडवणाऱ्यांत हे पुन्हा रुजलं ते बिल मोरान या अमेरिकी कारागिराने १९७३ मध्ये अशी पाती लोकांपुढे मांडल्यावर. तेव्हापासून या मंडळींच्या तोंडी ‘दमास्कस’ हे धातूचं नाव उरलं नाही, ते अंगच्या नक्षीचं नाव झालं. नक्षीला कोणतंही विशेषण लागू शकतं, त्यामुळे ‘स्टेनलेस दमास्कस’मध्ये व्याघात नाही.

खरा फसवा शब्द दुसराच आहे: ‘कार्बन’. कार्बन नसलेलं पोलाद असतं कुठे? थरांत नेहमी वापरलं जाणारं ‘१०९५’ या जातीचं पोलाद घ्या, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. स्टेनलेस दमास्कसमधलं आरडब्ल्यूएल-३४ घ्या, कार्बन १.०५ टक्के! ‘कार्बन’वाल्यापेक्षा स्टेनलेसमध्येच तो जास्त. फरक आहे क्रोमियमचा: आरडब्ल्यूएल-३४ मध्ये तो १४ टक्क्यांच्या आसपास, १०९५ मध्ये नाहीच म्हणायचा. तेव्हा इथे ‘कार्बन’चा अर्थ ‘कार्बन असलेलं’ असा नसून ‘गंज रोखण्याइतकं क्रोमियम नसलेलं’ असा आहे.

दिसण्यातला फरकही तिथूनच येतो. १०९५ च्या जोडीला १५एन२० ही दुसरी जात असते, त्यात सुमारे दोन टक्के निकेल. फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात १०९५ काळं पडतं, निकेलचा थर चांदीसारखा राहतो, आणि नक्षी लांबूनही डोळ्यांत भरते. स्टेनलेसचे दोन्ही थर आम्लाला सहजी दाद देत नाहीत, म्हणून नक्षी बरेचदा करड्यावर करडी, सौम्य. शिवाय क्रोमियमच्या ऑक्साइडची साय, सांधताना पृष्ठभाग साफ करायला वापरतात त्या टाकणखारालाही जुमानत नाही, त्यामुळे हे थर उघड्या भट्टीत सांधणं जिकिरीचं; हवाबंद डब्यात तापवावे लागतात. स्वीडनचं डमास्टील तर पोलादाच्या भुकटीपासूनच सुरुवात करतं. (कंपनीचं नाव ‘ड’नेच राहू द्या.) माझी आवड विचाराल तर काळी-पांढरी नक्षी. पण घडीच्या चाकूत पातं मुठीत मिटतं, खिळीभोवतीची ओल आणि खिशातला घाम पुसायला हात पोचत नाही. तिथे स्टेनलेस घेणाऱ्याला नावं ठेवणार नाही.

राहिला मराठी शब्द. फारसीत तलवारीच्या या लहरींना ‘जौहर’ म्हणतात. आपले जवाहीर आणि जव्हेरी त्याच घरातले. पण मराठीत जौहर म्हटलं की राजपूत स्त्रियांचा अग्निप्रवेशच आठवतो, तो शब्द वेगळा असूनही. म्हणून तो बाद. ‘आबदार’ सुंदर आहे. फारसी ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेजही, ‘आब राखणे’ यातला तोच. पण ‘आबदार’ काय आणि ‘पाणीदार’ काय, आपल्याकडे धारेला किंवा माणसाला लागतं, नक्षीला नाही. ‘लहरी पोलाद’ असं एकांनी सुचवलं होतं. चाकू कधी कापेल, कधी रुसेल असं वाटतं ते वाचून. मी नाम ‘दमास्कस’च ठेवतो, वर्णनाला ‘लहरदार पातं’ म्हणतो. नक्षींच्या नावांना तर परक्या शब्दांची गरजच नाही: शिडी, थेंब, पीळ.

स्टेनलेससाठी ‘निष्कलंक’ नको, ते चारित्र्याच्या दाखल्यात शोभतं. मराठी विश्वकोशाचा ‘अगंज’ चांगला आहे. ‘अगंज दमास्कस’ बेधडक लिहा, फक्त ते ओलं मिटून ठेवलं तर त्यालाही डाग पडतो.