चार दिवसांची सुट्टी आणि आठ वर्षांचा मुलगा, वारी कुठून कुठपर्यंत चालावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, सुट्टी चारच दिवस मिळणारे, राहायला पुण्यात, आणि माऊलींच्या पालखीबरोबर त्याला थोडंतरी चालवायचंय, तर आळंदीपासून निघावं का शेवटचे पंढरपूरकडचे दिवस धरावेत. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. सासवडला बसने जा आणि सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा एवढंच चाला. का ते सांगते, कारण मी आधी चुकीचं करून बसलेली आहे.

२०२३ला माझी लेक सात वर्षांची होती. आम्ही हडपसरला राहतो, पालखी दरवर्षी जवळून जाते, गाडीतळाला उभं राहून बघायची सवय, त्यामुळे वाटलं यंदा दिवेघाट चढूया, एका दिवसाचा तर प्रश्न आहे आणि सगळे घाटाचेच फोटो टाकतात. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठ्या टप्प्यांपैकी, भवानी पेठेतून धरला तर ३० किमीच्या आसपास, आणि घाट येतो तो दिवस निम्मा सरल्यावर, म्हणजे पोर आधीच दमलेलं असतं तेव्हा. घाटाच्या पायथ्याशी वडकीला ती जी खाली बसली ती उठेचना. मी खास वारीसाठी नवे बूट घेऊन दिलेले (शहाणपणा माझा), दोन्ही टाचा सोललेल्या. परत फिरावं म्हटलं तर समोरून माणसांचा लोंढा, घाट गाड्यांना बंद, वाहतूक बोपदेव घाटाने वळवलेली, मग रिक्षा कुठली आणि बस कुठली. मी आणि नवऱ्याने आळीपाळीने तिला पाठुंगळी घेऊन घाट चढवला, वर झेंडेवाडीला एका दिंडीच्या ट्रकमध्ये मावश्यांनी तिला जागा दिली म्हणून सासवड तरी दिसलं. फोटो मस्त आलेत पण.

तर मुलाबरोबर टप्पा निवडताना किती किमी चालणार याच्याआधी, मध्येच बसकण मारली तर बाहेर कसं पडणार ते बघा. नीरेपर्यंतचा पट्टा त्यासाठीच चांगला, कारण जेजुरी, वाल्हा, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज रेल्वेलाईनवरची स्टेशनं आहेत. पॅसेंजर दिवसातून मोजक्याच, त्यामुळे वेळा आदल्या दिवशी बघून ठेवायच्या. जेजुरीहून हडपसरला बसही मिळते.

दुसरं म्हणजे पालखी सासवडला दोन रात्री असते आणि मधला दिवस पूर्ण मुक्कामाचा. हा दिवस आमच्यासारख्या कमी सुट्टीवाल्यांसाठीच ठेवलाय असं मला वाटतं! घाटातली गर्दी एव्हाना ओसरलेली असते, सकाळी बसने जायचं, सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, दिंडीतल्या लोकांशी ओळख करून घ्यायची, पोराला तंबू, पाण्याचे टँकर, ट्रकमागे चालणारा स्वयंपाक हे सगळं बघू द्यायचं. मग दुसऱ्या दिवशी जेजुरी १६ किमी, तिसऱ्या दिवशी वाल्हे १२ किमी, चौथ्या दिवशी पालखी लोणंदला जाते ते २० किमी आहे पण तुम्ही नीरेला थांबायचं. तिथे नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, ते बघायचं आणि स्टेशन गाठायचं. झाले चार दिवस. आम्ही २०२५ला असंच केलं, पालखी २२ जूनला रविवारी पुण्यातून हलली, आम्ही सोमवारी सासवडला गेलो आणि गुरुवारी रात्री घरी. शाळा बुडते तीन-चार दिवस, बाईंना आधीच सांगून ठेवा.

सुट्टी टाकताना एक लक्षात ठेवा, सगळं तिथीवर चालतं. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पण तारीख भलतीच सरकते, आषाढी २०२३ला २९ जूनला होती आणि २०२४ला १७ जुलैला. त्यामुळे वेळापत्रक जाहीर झाल्यावरच ऑफिसात अर्ज द्या.

पंढरपूरकडचे शेवटचे दिवस का नको म्हणते, तर वाखरीला बाकीच्या संतांच्या पालख्याही येऊन मिळतात आणि तिथून पुढे अंतर अगदी थोडं पण गर्दी अशी की मोठ्या माणसाचाही हात सुटतो. आठ वर्षांच्या पोराला तिथे फक्त लोकांच्या पाठी दिसणार. थोडा मोठा झाला की न्या.

चालायचं कसं, तर पहाटे. दिंडीत साडेतीन-चारलाच जाग येते, तुम्ही पाचच्या सुमारास निघून पालखीच्या पुढे चालत राहा. मोकळं, म्हणजे कुठल्या दिंडीत नसून चालणारे खूप लोक असेच पुढे असतात, ऊन व्हायच्या आत निम्म्याहून जास्त अंतर पडतं आणि मग कुठेतरी झाडाखाली बसून दिंड्या जाताना बघायच्या, पताका, मृदंग, तुळशी घेतलेल्या बाया, आणि मग रथ. लेकीला चालण्यापेक्षा हे बसणं जास्त आवडलं, आणि मलाही.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर सगळ्या दिंड्यांची मिळून होते ती समाजआरती मात्र चुकवू नका, दमलेला असला तरी उचलून न्या. एवढ्या सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात आणि चोपदारांनी (सोहळ्याची शिस्त राखणारे) हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला की एकदम शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिकडे जाऊन विचारतात काय झालं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच सांगतात. हे ऐकल्यावर माझी लेक घरी आल्यावर आठवडाभर जेवण आवडलं नाही की ताटलीवर चमचा वाजवत बसायची.

हरवण्याचं बोलायचं तर मोबाईलला रेंज आहे आणि फोन लागत नाही असं गर्दीत सारखं होतं. कार्डावर नाव आणि दोन नंबर लिहून खिशात आतून शिवून टाका, दंडावर पेनानेही लिहा, पावसात पुसतं म्हणून दोन्ही करा. आणि त्याला शिकवा की आम्ही दिसलो नाही तर शोधत फिरायचं नाही, ज्यांच्या गळ्यात वीणा आहे त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचं. वीणेकरी दिंडी सोडून जात नाही, वीणा खाली ठेवत नाहीत, आणि लांबूनही ओळखू येतो. पोलीसकाका पोराला दिसेलच असं नाही.

राहण्याचं, तीन-चार दिवसांसाठी दिंडीत घेतात पण ओळखीतून. सोसायटीत, गावाकडे विचारा, कुणीतरी निघतंच. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे आधीच विचारून देऊन टाका, पाहुण्यासारखं जाऊ नका.

सामान कमी. बूट जुनेच, किंवा पट्ट्याचे सँडल आणि मोजे, मोज्यांचे जोड जास्त घ्या कारण ओल्या मोज्यानेच फोड येतात. रात्री पायाला खोबरेल तेल चोळा. रेनकोट, टोपी, ओआरएस, स्वतःची पाण्याची बाटली. वाटेत केळी, पोहे, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं लोक हातात कोंबतात, लहान मूल दिसलं की दुप्पट, आणि नाही म्हणता येत नाही, पण उघड्यावरचं सरबत आणि कापलेली फळं तेवढी टाळा. जेजुरीत भंडारा उधळतात, पांढरा टीशर्ट घालू नका, आमचा अजून पिवळाच आहे.

सराव महिनाभर आधी, आणि डांबरी रस्त्यावर. टेकडीवर पळणारं पोरसुद्धा डांबरावर दोन तासांत कुरकुरतं, ते वेगळंच प्रकरण आहे. दर रविवारी घरातून चालत निघायचं, आधी ५ किमी, मग ८, मग १२, येताना पीएमपीच्या बसने यायचं. तिसऱ्या रविवारी १२ झाले नाहीत तर वाल्ह्यालाच संपवा, नीरा राहू दे.

आणि हे कुणी विचारत नाही पण मी विचारते, तुमचा मुलगा घराबाहेर संडासला जातो का? वारीत फिरती शौचालयं असतात पण पहाटे रांग, अंधार, चिखल आणि वास. आमची पहिल्या दिवशी गेलीच नाही, दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून रडायला लागली आणि चालायचं राहिलं बाजूला. तेव्हा सरावाच्या रविवारी एकदा स्वारगेटच्या स्टँडवर पण नेऊन आणा.