मेंटेनन्समधल्या मुलाला एमबीए करवावे का?

प्रश्न : मी एसटीच्या आगारात ३१ वर्षे काम करून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. मुलगा २९ वर्षांचा आहे. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन तो गेली सहा वर्षे हिंजवडीतील एका आयटी पार्कमध्ये देखभाल विभागात नोकरी करतो. पद टेक्निकल सुपरवायझरचे आहे, मात्र पगार कंत्राटदार कंपनीकडून होतो. रात्रपाळी सुटत नाही आणि नातेवाईक त्याला ‘मेंटेनन्सवाला’ म्हणतात. एका खासगी संस्थेने फॅसिलिटी मॅनेजमेंटमधील (इमारत व सुविधा व्यवस्थापनातील) ऑनलाइन एमबीए अडीच लाखांत सुचवले आहे. जागा राखण्यासाठी आम्ही दहा हजार रुपये भरले असून उरलेली रक्कम माझ्या ग्रॅच्युइटीतून द्यावी असा विचार आहे. आगारात माझ्या सहीशिवाय गाडी मार्गावर जात नसे. मुलाच्या कामाला मात्र काही किंमत नाही, असे वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एका तपशिलाकडे आधी लक्ष वेधतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. चिरंजीवांकडे पदविका आहे, पदवी नाही. एमबीए हा पदव्युत्तर अभ्यासक्रम असल्यामुळे त्याला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, आणि दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका त्या जागी चालत नाही. पदविकाधारकाला थेट एमबीएला प्रवेश देऊ म्हणणारी संस्था एक तर आपल्याच प्रमाणपत्राला एमबीए असे नाव देत असावी, किंवा पात्रतेचा प्रश्न पैसे हाती पडल्यावर उपस्थित करणार असावी. या दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी ग्रॅच्युइटीला हात लावण्याचे कारण उरत नाही.

आगारातील सहीविषयी आपण जे लिहिले आहे, तेच चिरंजीवांच्या क्षेत्राचे मोजमाप आहे असे मी मानतो. इमारत देखभालीच्या व्यवसायात माणूस वर जातो तो मुख्यतः कोणत्या कागदावर त्याची सही ग्राह्य धरली जाते यावरून. आज तो पाळीच्या नोंदवहीत सही करतो, म्हणजे डीजीचे (डिझेल जनरेटरचे) तास, चिलरचे (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) तापमान आणि टाक्यांची पातळी त्याने पाहिली एवढेच त्या सहीने सिद्ध होते. काम थांबवण्याचा किंवा सुरू करण्याचा अधिकार देणारी सही, खर्च मंजूर करणारी सही आणि सरकारी कार्यालयात जाणाऱ्या कागदावरची सही या तिन्ही अजून त्याच्याकडे नाहीत, आणि त्या कशा मिळवायच्या हाच त्याच्या पुढील पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

त्यातली सर्वांत जवळची, सर्वांत कमी खर्चाची आणि तरीही बहुतेक मुले दुर्लक्षित ठेवतात ती पायरी म्हणजे राज्य शासनाच्या परवाना मंडळाचे विद्युत पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र. उच्चदाब उपकेंद्र असलेल्या इमारतीत विजेचे काम कोणाच्या देखरेखीखाली झाले, हा प्रश्न विद्युत निरीक्षकाच्या तपासणीत निघतो, तसाच तो अपघातानंतरही निघतो, आणि त्या वेळी कंपनीला परवानाधारक माणसाचे नाव दाखवावे लागते. सहा वर्षे पॅनेलसमोर उभा असलेला पदविकाधारक हे प्रमाणपत्र न घेता राहतो, तेव्हा त्याच्या अनुभवाचा फायदा दुसऱ्याच्या परवान्याला मिळत असतो. पात्रतेच्या अटी व लागणारी कागदपत्रे पुण्यातील विद्युत निरीक्षक कार्यालयातून समजून घेऊन त्याने याच महिन्यात अर्जाची तयारी सुरू करावी.

त्याच जोडीला इमारतीवर लागू असलेल्या कायद्यांची ओळख त्याने करून घ्यावी, आणि ती पुस्तकातून न करता आपल्याच इमारतीच्या फायलींतून करावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन सादर करावे लागते. लिफ्ट आणि सरकते जिने यांच्यासाठी राज्याचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील अटी लागू होतात, आणि कंत्राटी मनुष्यबळाच्या भविष्यनिर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा योजनेच्या चलनांचीही दरमहा पडताळणी करावी लागते. कोणता कागद कोणत्या तारखेला संपतो, त्याआधी किती दिवस कोणाला पत्र जायला हवे आणि मागच्या वेळी कोणती त्रुटी निघाली होती, याचा एक तक्ता त्याने स्वतः तयार करून वरिष्ठांना दाखवावा. असा तक्ता सांभाळणारा माणूस सुपरवायझर या पदावर फार काळ राहत नाही, कारण तो रजेवर गेला की व्यवस्थापकालाच त्याला फोन करावा लागतो.

दुसरी पायरी ऊर्जेची आहे, आणि इथे चिरंजीवांची वेळ अचूक जुळून आली आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये काम करणारी केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता ब्युरो ही संस्था प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा घेते. ऊर्जेच्या वापराशी संबंधित कामाचा सहा वर्षांचा अनुभव असलेला अभियांत्रिकी पदविकाधारक तिला बसू शकतो. व्यवस्थापकासाठी तीन प्रश्नपत्रिका असतात आणि लेखापरीक्षकासाठी चौथी. अभ्यासाची पुस्तके ब्युरोने स्वतःच तयार केलेली असून ती विनामूल्य मिळतात. तिसऱ्या प्रश्नपत्रिकेतील मोटर, पंप, पंखे, वातानुकूलन, कूलिंग टॉवर, प्रकाशयोजना आणि डीजी संच हे सारे तो रोज हाताळतो. त्याला जड जाईल ती दुसरी, कारण तीत बॉयलर, वाफ आणि भट्ट्या आहेत आणि आयटी पार्कमध्ये त्यांच्याशी सहसा संबंध येत नाही. म्हणून अभ्यासाची सुरुवात दुसऱ्या प्रश्नपत्रिकेपासून करावी. ओळखीचा विषय आधी उरकून घेण्याचा मोह इथे नडतो.

ही परीक्षा मी सुचवतो त्यामागे प्रमाणपत्रापेक्षा मोठे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या देखभाल व्यवस्थापकपदाच्या मुलाखतींत मी निवड समितीवर होतो. एका उमेदवाराने पाच प्रमाणपत्रांची फाइल टेबलावर ठेवली. समितीतील अभियंत्याने त्याला एवढेच विचारले की, सध्याच्या नोकरीत आपल्या इमारतीची मागच्या महिन्याची विजेची कमाल मागणी किती होती आणि करार मागणी, म्हणजे वीज कंपनीशी केलेल्या करारातली मागणी, किती आहे. उमेदवाराने बिल लेखा विभागाकडे जाते असे सांगितले. निवड दुसऱ्याची झाली, आणि त्या दुसऱ्याकडे सांगण्यासारखे प्रमाणपत्र एकच होते.

वीजबिल हे या व्यवसायाचे प्रगतिपुस्तक आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककावर, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) हिशेबात धरून, आकारणी होते. त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.९० असलेल्या इमारतीत प्रत्यक्ष वापर १ लाख युनिटचा असला, तरी आकारणी सुमारे १ लाख ११ हजार युनिटवर होते, आणि तोच पॉवर फॅक्टर ०.९९ वर नेला तर ती सुमारे १ लाख १ हजारावर येते. कपॅसिटर पॅनेलमधील निकामी झालेले कपॅसिटर वेळेवर बदलणे या साध्या देखभालीची रुपयांतली किंमत म्हणजे हा फरक होय. एएचयूच्या, म्हणजे इमारतीत थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या, पंख्याचेही तसेच आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावून वेग २० टक्क्यांनी उतरवला की हिशेबाने ती जवळपास निम्म्यावर येते. प्रत्यक्षात बचत थोडी कमी पडते, पण मालकासमोर मांडण्याइतकी नक्कीच उरते. चिरंजीवांनी अशी एक सुधारणा निवडून तिच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची बिले जोडून एका पानाचा अहवाल लिहावा, आणि तो इंग्रजीत लिहावा. काय आढळले, कारण काय होते, काय केले, किती वाचले, एवढ्या चार परिच्छेदांची इंग्रजी कामातूनच येते आणि तिच्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागत नाही.

पदवीची गरज नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. मोठ्या कंपन्यांत व्यवस्थापकपदाच्या जाहिरातीत पदवीची अट असते, आणि चाळिशीत ती अट आडवी येण्यापेक्षा आताच सोडवलेली बरी. पण मार्ग पारखून घ्यावा. दूरशिक्षणाने अभियांत्रिकीची पदवी देऊ असे सांगणारे अजूनही भेटतात. तंत्रशिक्षण पत्राद्वारे देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. आपल्या पिढीतील अनेकांनी पूर्ण केलेल्या एएमआयईची (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या परीक्षेची) पदवी-समकक्षताही ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली आहे. खरा मार्ग असा की, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदवी अभ्यासक्रम मान्य केले आहेत आणि पदविकाधारकाला त्यांत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नोकरीच्या ठिकाणापासून जवळ असे महाविद्यालय आहे का, हे पाहावे. मात्र रात्रपाळी चालू असताना हा अभ्यासक्रम पेलणार नाही, म्हणून आधी सामान्य पाळी मिळवणे आवश्यक आहे, आणि ती परवान्याच्या जोरावर मागता येते. एमबीए करायचेच असेल तर ते या पदवीनंतर करावे.

या क्षेत्राची स्वतःची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रेही आहेत. १९८० साली स्थापन झालेल्या आणि अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मुख्यालय असलेल्या इफ्मा या सुविधा व्यवस्थापकांच्या संघटनेचे एफएमपी हे प्रमाणपत्र संचालन व देखभाल, प्रकल्प व्यवस्थापन, वित्त आणि नेतृत्व अशा चार भागांत पूर्ण करायचे असते, तर सीएफएम ही अनुभवी व्यवस्थापकांसाठीची परीक्षा असून तिचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. बहुराष्ट्रीय ग्राहकांकडे आणि आखाती देशांत यांची ओळख आहे. तरीही शुल्क मोठे असल्यामुळे ती स्वखर्चाने करण्याची घाई नसावी. कंपनीच्या प्रशिक्षण निधीतून मागावीत आणि तोवर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील बारावा भाग नीट वाचावा. तो मालमत्ता व सुविधा व्यवस्थापनालाच वाहिलेला आहे, आणि मुलाखतीत त्याचा उल्लेख करणारे उमेदवार मला फारच थोडे भेटले.

कंत्राटदाराकडून होणाऱ्या पगाराविषयी आपली काळजी रास्त आहे. कंत्राट बदलले की इमारत तीच राहते, यंत्रे तीच राहतात, आणि माणसाची सेवा मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. यावर उपाय म्हणजे कागद जपणे. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) एकच ठेवावा आणि प्रत्येक कंत्राट संपताना अनुभवपत्र मागून घ्यावे. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचे पत्र परवाना मंडळाला पुरत नाही आणि ऊर्जा ब्युरोलाही पुरत नाही. त्यात रोहित्राची क्षमता, चिलरचे टनेज, डीजीचा केव्हीए, हाताखालच्या माणसांची संख्या आणि कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख हवा. पुढे रुग्णालय किंवा नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात असलेली डेटा सेंटर यांकडे जाण्याचा विचार तो करू शकेल, कारण तिथे वीज क्षणभर जाणेही परवडत नाही आणि देखभालीच्या माणसाला व्यवस्थापनाच्या बैठकीत खुर्ची मिळते.

माणसांविषयी एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण ती कोणत्याही अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात नसते. सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्याचा दबाव प्रत्येक देखभाल सुपरवायझरवर कधी ना कधी येतो. गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा असून, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सक्शन गाडी येईपर्यंत काम थांबेल, हे त्याने वरिष्ठांना लेखी कळवावे. काम नाकारणारी सहीसुद्धा याच व्यवसायातली सही आहे, आणि ब्रेक नीट नसलेली गाडी मार्गावर न सोडणाऱ्या वडिलांच्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

नातेवाइकांच्या ‘मेंटेनन्सवाला’ या शब्दावर माझ्याकडे उपाय नाही. लग्नाच्या बैठकीत पद काय सांगायचे, हा आपल्याकडे करिअरच्या प्रश्नांतला निम्मा प्रश्न असतो, हे मी या कामात शिकलो आहे. पण त्या एका शब्दासाठी अडीच लाखांची पदवी विकत घेऊ नये.

आता भरलेल्या दहा हजारांविषयी. संस्थेला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पदवी कोणते विद्यापीठ देणार, ते विद्यापीठ ऑनलाइन एमबीएसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि पदविकाधारकाला प्रवेश कोणत्या नियमाखाली मिळणार. फोनवरचे आश्वासन ग्राह्य धरू नये. आठ दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर त्याच ईमेलवर प्रवेश रद्द करून रक्कम परत मागावी, आणि टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. भरणा पावती आणि संस्थेच्या प्रतिनिधीचे व्हॉट्सॲप संदेश तोपर्यंत जपून ठेवावेत.